जुन्या मंडळीत जायचं नाही

बदलीचं पत्र आलं तेव्हा ताईंना त्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळक होऊन अकरा वर्षं झाली होती. पत्राच्या शेवटी नेहमीचा नियम होता. पाळकाने जुन्या मंडळीत पुन्हा कामासाठी जायचं नाही. लग्नाला नाही, अंत्यविधीला नाही, आजाऱ्याच्या भेटीलाही नाही. नव्या पाळकाला लोकांनी आपलं म्हणावं, म्हणून. हा नियम ताईंनीच तरुण पाळकांना कितीदा तरी समजावून सांगितला होता. सांगणं सोपं होतं.

नव्या ठिकाणी घर मोठं मिळालं, पण दार कुणी वाजवत नव्हतं. मंडळी शिष्ट नव्हती, फक्त ओळख नव्हती. संध्याकाळी चहा टाकताना ताईंचा हात आपोआप पाच कप पाणी ओतायचा. "अगं, आपण दोघंच आहोत," नवरा म्हणायचा, आणि उरलेला निमूटपणे स्वतःच प्यायचा.

सगळ्यांत जास्त आठवण यायची ती पेंटरकाकांची. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेलेला माणूस. आता दृष्टी गेलेली, जीभ मात्र शाबूत. दर गुरुवारी ताई त्यांच्याकडे जायच्या. "आलात? आम्हाला वाटलं, मोठ्या घरी आमंत्रण असेल आज," असा आहेर मिळाल्याशिवाय तिथे प्रार्थना सुरू होत नसे. गुरुवार उजाडला की ताईंना अजूनही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बदलीनंतर आठव्या महिन्यात काकांच्या मुलीचा फोन आला.

"ताई, बाबांनी अंथरूण धरलंय. सारखं विचारतात, ताई आल्या का? आजच्या आज निघा."

'निघते' हा शब्द ताईंच्या ओठांवर आला होता. तो गिळून त्यांनी विचारलं, "नव्या पाळकांना बोलावलंस?"

"बाबा त्यांना नीट ओळखतही नाहीत."

"ओळखू देत ना. बोलाव त्यांना."

"म्हणजे तुम्ही येणार नाही?" मुलीचा आवाज चढला. "बदली झाली म्हणजे माणसंही बदलतात का हो?" तिने फोन आपटला.

तरीही ताईंनी पिशवीत दोन कपडे कोंबले आणि बसस्टँड गाठला. तिकिटाच्या रांगेत पुढे तीन माणसं असताना त्यांच्या डोळ्यांसमोर ते घर आलं. आपण शिरताच सगळे उठतील, मुलगी गळ्यात पडेल, आणि आपल्या जागी आलेला तो तरुण पाळक कोपऱ्यात उभा राहील. चित्र गोड होतं. त्या गोडीचीच त्यांना भीती वाटली. काकांसाठी निघालोय आपण, की आपल्यावाचून अडतं हे डोळ्यांनी बघायला? दोन्ही असेल. एकातून दुसरं वेगळं काढता येईना. खिडकीतल्या माणसाने "कुठलं देऊ?" असं विचारलं, तेव्हा त्या बाजूला झाल्या.

बाकावर बसून त्यांनी त्या तरुण पाळकाला फोन लावला.

"काकांचा डावा कान चांगला आहे, त्या बाजूला बसा. आधी बोलणी खावी लागतील, मनाला लावून घेऊ नका. प्रार्थना लांबवलीत तर मध्येच आमेन म्हणून मोकळे होतील. आणि हात धरा. ते मागणार नाहीत, पण धरा."

तो लिहून घेत होता. मग म्हणाला, "ताई, तुम्हीच या ना. मला राग नाही येणार."

"माहीत आहे. तुम्ही जा."

पाचव्या दिवशी दफनभूमीतूनच त्याचा फोन आला.

"शेवटच्या दुपारी त्यांनी विचारलं, ताई, आलात का? मी काहीच बोललो नाही. नुसता हात धरून बसलो. ते शांत झाले. मी फसवलं का हो त्यांना?"

ताईंना त्या तरुण पाळकाचा हेवा वाटत होता, आणि हेवा वाटल्याची लाजही.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणीतरी आलेलं हवं होतं. तुम्ही आलात." मग त्यांनी विचारलं, "बोलणी खाल्लीत?"

"पोटभर," तो म्हणाला, आणि रडू लागला.

मुलीचा फोन पुन्हा आला नाही. ताईंनी तिला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तिच्या जागी आपणही रागावलो असतो, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. काकांना नेमकं कुठे पुरलंय, हे त्यांनी तेवढं विचारून घेतलंय. मागच्या भिंतीलगत, पाण्याच्या नळापासून चौथी जागा. जाऊन पाहिलेलं नाही.