लाडूच्या पोटात कॅमेरा

इथे जपानात, फुनाबोरीच्या आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात पेशंटपेक्षा किस्से जास्त! आई तिथे नर्स आहे, म्हणून शाळा सुटली की मी तिथेच पडीक. अभ्यास? जाऊ द्या ना.

त्यात आमचाच कुत्रा लाडू तीन आठवडे ओकत होता. मोठे डॉक्टर, मोरी सेन्सेई, म्हणाले, "तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघू. गाठबिठ असेल तर कळेल." गाठ म्हटल्यावर माझी जाम तंतरली.

*

म्हणून गंमत सोडायची का? टाके चाटू नयेत म्हणून कुत्र्यांना घालतात तो प्लास्टिकचा कोन गळ्यात घालून मी वेटिंग रूममध्ये बसले. शेजारच्या जपानी आजी हसल्याच नाहीत. उठल्या, कमरेत वाकल्या, म्हणाल्या, "लवकर बरी हो हं."

मीच लाजले राव!

*

एका पगने रबरी बदकाचं डोकं गिळलं. सेन्सेईंनी नळीतून चिमटा घालून ते काढलं. पग शुद्धीवर आला, मालकीणबाईंचं रडून झालं, तरी आई आणि नवीन डॉक्टर आओकी-सान ते डोकं घेऊन भिंतीवरच्या, कुठला कचरा कुठल्या डब्यात ते सांगणाऱ्या चार्टसमोर उभे!

"जळणारा की न जळणारा?"

*

लाडूच्या तपासणीच्या दिवशी त्याला सकाळपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं. भुलीआधीचं इंजेक्शन ठरत होतं. आओकी-सान म्हणाले, "मॉर्फिन देऊ?"

सेन्सेई म्हणाले, "त्याने आधी उलटी होते, मग जठराचं खालचं दार आवळतं. कॅमेरा आतड्यात कसा जाणार? बेल वाजवून?"

ब्युटॉर्फेनॉल ठरलं. गुंगी येते, उलटी सहसा नाही, दारही तेवढं आवळत नाही.

*

लाडू झोपला, नळी आत गेली. स्क्रीनवर काय? पांढरे चकचकीत मणी! शेकडो!

"टॅपिओका?" सेन्सेई पुटपुटले.

आईने काचेतून थेट माझ्याकडे बघितलं. दरवेळी मीच! "आई शप्पथ, मी नाही!"

शेजारी बाबा. तोयोसुच्या ऑफिसात शंभर जणांना इन्स्ट्रक्शन्स देणारे बाबा, बुटांकडे बघत होते. हळूच म्हणाले, "सकाळी वाटीभर खिचडी दिली. साबुदाण्याचीच!"

सेन्सेईंनी नळी काढली, लाडूला उठवलं. आओकी-सान म्हणाले, "मॉर्फिन दिलं असतं तर आधीच बाहेर आलं असतं!" सेन्सेईंनी नळी त्यांच्याच हातात धुवायला दिली.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. ह्या वेळी आईने बाबांना किचनमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. गाठ नव्हती! नुसती सूज, गोळ्यांनी जाणारी. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, कुणाला सांगू नका.

निघताना सेन्सेईंनी बाबांना अदबीने विचारलं, "माफ करा, भारतात कुत्रे नेहमी टॅपिओका खातात का?"

बाबा कमरेत वाकले. "छे छे, सेन्सेई! फक्त उपास असला की!"