मलिद्याचे ताट व्हरांड्यात

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, श्री. रूबेन थळकर यांनी मांडलेले मलिद्याचे ताट सामाईक टेबलावरून उचलून व्हरांड्यात ठेवण्यात आले. गौरवलेख असा सुरू करत नाहीत, एवढे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिकवले आहे. पण थळकर सरांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ जी समिती काढते आहे, तिनेच ते ताट उचलले.

सरांची पहिली भेट तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, झाली. माझ्या नूडल्समध्ये कोळंबी निघाली म्हणून मी दुकानदाराशी भांडत होते. आम्हा बेने इस्रायल ज्यूंना पाण्यातले बिनखवल्यांचे काही चालत नाही. मागून मराठीत आवाज आला, "बाई, भांडून कोळंबीला खवले फुटणार नाहीत. शुक्रवारी आमच्या घरी जेवायला या."

ते 'घर' म्हणजे नाना तऱ्हेच्या ज्यू कुटुंबांनी एकत्र जमण्या-जेवण्यासाठी घेतलेला जुना बंगला. कुणी शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून काम वर्ज्य असलेल्या दिवशी, दिव्याचे बटण दाबत नसत, कुणी त्याच दिवशी गाडी काढत. स्वयंपाकघरावरून भांडणे होऊन सगळे पांगले होते. सरांनी दारोदार जाऊन त्यांना परत आणले. त्यांचा नियम साधा होता: चूल धर्मनियमांत सर्वांत कडक माणसाच्या मताने चालेल, टेबलावर मात्र कुणीही बसेल. एका आजींनी विचारले, "आमची सून ज्यू नाही, तिने कुठे बसायचे?" सर म्हणाले, "आमटी जवळ पडेल तिथे."

माझे यजमान नोव्हेनाच्या हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा सर रोज संध्याकाळी येत. धीराचे शब्द त्यांनी कधी ऐकवले नाहीत. शेजारी बसून संत्री सोलून देत.

मलिदा म्हणजे गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे. एलियाहू पैगंबरांचे नाव घेऊन आभार मानण्याची आमची कोकणातली रीत. पंचाहत्तरीनिमित्त सरांनी तो त्या 'घरा'च्या टेबलावर सर्वांसाठी मांडला होता. समितीचे तरुण अध्यक्ष अदबीनेच, इथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणाले, "अंकल, इथे कुणाचीच वेगळी प्रथा नको लाह. मग सगळे सारखे."

सरांनी ताटावर रुमाल टाकला. "बरं बाबा. पोहे सुकायच्या आत घरी नेतो." आणि बसने क्लेमेंटीला निघून गेले.

त्यानंतर ते आलेले नाहीत. गेल्या शुक्रवारी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. एकच पान मांडलेले होते. "पाय दुखतो, म्हणून येत नाही," म्हणाले. मला पोचवायला बस-स्टॉपपर्यंत चालत आले, तेव्हा तो पाय मुळीच दुखत नव्हता.

अध्यक्षमहाराज, सगळे सारखे असते तर सरांना दारोदार फिरावेच लागले नसते.

सरांना मोशेइतके, एकशेवीस वर्षांचे आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. पण ते आयुष्य एकट्याने जेवण्यात जावे, असे मी मागणार नाही. समितीने त्यांच्या घरी जाऊन त्यांना मलिद्यासह परत आणावे. आणणार की नाही, याचे लेखी उत्तर मला प्रकाशनानंतरच्या पहिल्या शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हवे. सूर्यास्तानंतर आपल्यातल्या काहींना लिहिता येत नाही, याची समितीला आठवण असेलच.