तळाची फट

माझ्या उस्तादांचे डोळे अधू झाले, असं पेणकडचे सगळे वेल्डर आजही धरून चालतात. ते खोटं आहे, आणि माझ्यामुळे पसरलं.

डोलवीच्या पोलाद कारखान्यात आम्ही दोघं एकाच ठेकेदाराकडे होतो. पाइप जोडायला मला त्यांनीच शिकवलं. पहिलं वर्षभर माझा एकही जोड त्यांना पसंत पडला नाही. कापून हातात द्यायचे आणि पुन्हा करायला लावायचे. नंतर कुणी माझं काम वाखाणलं की त्यांचा चेहरा फुलायचा.

पोलंडच्या जहाज-यार्डासाठी वेल्डर हवेत, म्हणून मुंबईचा एक एजंट रोह्याला आला. तिथल्या अष्टमी भागात एका वर्कशॉपची शेड घेऊन त्याने टेस्ट ठेवली. ही खबर उस्तादांनीच आणली, माझा फॉर्मही त्यांनीच भरला. त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही पेणहून निघालो. पोलंडला एकाच खोलीत राहू, जेवण ते करतील, कारण मी भातसुद्धा करपवतो, असं वाटेत ते बोलत होते.

दुपारपर्यंत सात जागांपैकी सहा भरल्या. उरलो आम्ही दोघं. परीक्षकाने सांगितलं की पहिला पास होईल तो जाईल. नंबर आधी उस्तादांचा होता.

पाइपचे दोन तुकडे समोरासमोर धरून मध्ये बारीक फट ठेवायची, ते जागेवर धरायला वेल्डिंगचे चार छोटे टाके मारायचे, मग पाइप शिकंज्यात तिरका आवळून गोल जोड भरायचा. फट कुठे मिटली तर धातू आत उतरत नाही. वरून जोड देखणा दिसतो, आतून कच्चा राहतो.

उस्तादांना जवळचं वाचायला चष्मा लागायचा, तेवढाच. चष्मेवाल्यांना एजंट घेत नाही असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून त्यांनी तो खिशातच ठेवला. पाइप आवळून झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "तळाला बरोबर हाय ना रे?"

मी वाकून पाहिलं. टाक्यांनी पाइप ओढला गेला होता, तळाची फट जवळजवळ मिटली होती.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

एरवी ते फटीतून बारीक तार फिरवून ती चाचपायचे. त्या दिवशी चाचपली नाही. माझ्या शब्दावर त्यांनी मशीन चालू केलं.

परीक्षकाने जोडाची पट्टी कापून वाकवली, ती तळाशी उकलली. चाचा, डोळे तपासून घ्या, असं तो हिंदीत म्हणाला. उस्ताद त्या पट्टीकडे बघत राहिले. मग माझा नंबर आला. मी तार तीनदा फिरवली आणि पास झालो. परतताना ते मला म्हणाले की एक तरी गेला, बरं झालं.

डोलवीत लोक विचारायचे, एवढा मोठा कारागीर नापास कसा? मी सांगायचो, नजर कमी झाल्ये. मी पोलंडला पोचलो त्या महिन्यात ठेकेदाराने त्यांना वेल्डिंगवरून काढून ग्राइंडिंगला लावलं. वाचायचा चष्मा सोडला तर डोळे चांगले आहेत म्हणून पेणच्या डॉक्टरने सांगितलं, पण उस्तादांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. वेल्डिंगच्या मशीनला हात लावणं त्यांनी सोडलं.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आनंदाने यार्डातल्या मशीनांची चौकशी केली. मग वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले, "बघ गो, आपला हात पोलंडमध्ये चालतोय." ते मला ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. त्यांच्या भल्यासाठी नाही, माझ्या जिवाला हलकं वाटावं म्हणून.

त्यांनी विचारलं, "किती मिटली व्हती?"

मी नखाने दाखवलं.

"मग तारेला कळली असती," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

वहिनी माझ्यासमोर बसून राहिल्या. "आता कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दोष देऊन गप बसले व्हते ते. आता कोणाला देतील?"

पुढच्या आठवड्यात उस्ताद मास्क घेऊन ठेकेदाराकडे गेले आणि पुन्हा टेस्ट घ्या म्हणाले. जुन्या ओळखीपोटी त्याने घेतली. चष्मा लावून डोळ्यांना सगळं नीट दिसत होतं, पण दोन वर्षं मशीन न धरलेला हात स्थिर राहीना. या वेळी फट त्यांनी स्वतः चाचपली होती, आणि जोड तरीही कच्चा निघाला.

मी भेटायला गेलो. ते घरात होते, मला त्यांचा खोकला ऐकू आला. वहिनींनी दारातूनच सांगितलं की ते घरी नाहीत.

आता ते रोह्याला एका गेट-ग्रीलच्या दुकानात पट्ट्या कापून देतात, असं कळतं. यार्डाने माझा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवला आहे.