मुंग्यांची वाकळ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू बोलायला लागल्या की कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपला ऐकू जातं. काका गेले तरी त्यांच्या वाढदिवसाला त्या कुकरमध्ये रव्याचा केक करतात आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटतात. स्वतः चाखत नाहीत, त्यांना शुगर आहे.

यंदा त्यांनी काकांच्या जुन्या शर्टांची वाकळ शिवली. नवी वाकळ उपाशी राहू नये म्हणून कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवायची त्यांच्या आईची रीत. काकूंनी केकचा तुकडा शिवला. दुसऱ्या दिवशी वाकळीवर मुंग्यांची ही रांग!

मी हळहळले. काकूंनी मात्र टाके उसवून तुकडा काढला, वाकळ धुतली आणि पुन्हा सुई ओवली. जिथून मुंग्या गेल्या होत्या, तिथून काळ्या दोऱ्याच्या बारीक गाठी मारत निघाल्या. प्रत्येक गाठीला सहा पाय.

"काकू, आता हे काय?"

"अगं, केक गोड झालाय का न्हाय, हे आधी ह्येच चाखून सांगायचं. ह्ये गेल्यापास्नं तुमी सगळी नुसतं छान छान म्हणतायसा. यंदा मुंग्यांनी खरं सांगितलं की!"