पहिलीच्या भिंतीवरची नावे

मंदाकिनी पाटील मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे, देवपुरातल्या राहत्या घरी गेल्या. हृदयविकाराचा तीव्र झटका, असे डॉक्टरांनी सांगितले. धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्या पहिलीचा वर्ग शिकवत होत्या. मला बातमी जळगावात, मेहरूणच्या घरी, त्यांच्या यजमानांच्या फोनवरून कळली. भास्करराव म्हणाले, "मंदा गेली." आणि मग, "शाळेत कळवायला पाहिजे. तिचं काम राहिलंय तिथं." मी तिचा मावसभाऊ. आयुष्यभर तिला अक्का म्हणत आलो, म्हणून इथून पुढे अक्काच लिहितो.

राहिलेले काम म्हणजे वर्गाची भिंत. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि बहुतेक शिक्षक त्याच्या दोन-तीन दिवस आधी वर्ग झाडून पताका लावतात, जुने तक्ते झटकून पुन्हा टांगतात. अक्का मे महिन्यातच सुरुवात करायची. ऊन चढायच्या आत भास्करराव तिला स्कूटरवरून शाळेत सोडत. पहिलीची मुले बसकरांवर, म्हणजे जमिनीवर बसतात. तेव्हा त्यांची भिंत ही जमिनीपासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच, त्याच्या वरची भिंत तपासणीला येणाऱ्या साहेबांची, असे तिचे म्हणणे होते. खालचा तेवढा पट्टा ती दरवर्षी फळ्याच्या काळ्या रंगाने नव्याने रंगवायची आणि त्याचे उभे भाग पाडायची. येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक भाग. वर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याचे नाव, खाली खडूने त्याला वाटेल ते. रेघा सरळ याव्यात म्हणून सुतळी खडूच्या भुकटीत घोळवायची, दोघांनी दोन टोके ताणून धरायची आणि मधोमध ओढून सोडायची. मी सुट्टीत धुळ्याला गेलो की माझ्याकडे सुतळीचे खालचे टोक असे. वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्या माणसाने उकिडवे बसून काहीतरी खरे काम करावे, असे ती म्हणायची.

नावांची ही पद्धत एका हजेरीतून सुरू झाली. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे, तिने ती मला अनेकदा सांगितली. शाळेचा पहिला दिवस. अक्का हजेरी घेत होती. "आदित्य" असे तिने दोनदा पुकारले, कोणी ओ दिली नाही. तिने गैरहजेरी मांडली. तेवढ्यात पहिल्याच रांगेतल्या एका मुलाने मान वळवून मागच्या पोरांना विचारले, "आदित्य कोन शे रे?" तोच आदित्य होता. घरात, गल्लीत, मामाच्या गावी, सगळीकडे तो भुऱ्या होता. कागदावरचे नाव त्याला कोणी सांगितलेच नव्हते. अक्काने त्या दिवशी ठरवले की मूल पहिल्यांदा वर्गात येईल तेव्हा त्याच्या ओळखीचे निदान एक तरी काही तिथे असले पाहिजे. दुसऱ्या वर्षापासून ती पट नोंदवायला घरोघर जायची तेव्हा घरात हाक कोणती मारतात ते विचारून घेऊ लागली. भिंतीवर भुऱ्या, छकुली, गोटू, बायडी अशी नावे आली. मूल आत आले की ती त्याला त्याच्या नावापाशी नेऊन बसवायची. त्याने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द तोच असे. दिवाळीनंतर घरचे नाव पुसून शाळेचे लिहायचे, तोवर मुलाला अक्षराची भीती राहिलेली नसते, असा तिचा अनुभव होता. तो चुकीचा होता असे कोणी दाखवून दिले नाही. बरीच वर्षे हे असेच चालले.

मग सिद्धार्थ आले. ते वीज कंपनीत लाइनमन होते, गावातच राहणारे. त्यांची मुलगी त्या जूनमध्ये पहिलीत येणार होती. अक्काने मे महिन्यात त्यांच्या घरी विचारले तेव्हा ते कामावर होते. मुलीच्या आजीने सांगितले, चिमी. भिंतीवर चिमी लिहिले गेले. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सिद्धार्थ कामावरून परस्पर शाळेत आले, कमरेचा पट्टा आणि पक्कड तशीच. त्यांनी आधी सगळी भिंत वाचली. मग त्यांनी मुलीचे नाव संघमित्रा असल्याचे सांगितले. अक्काने तिचे नेहमीचे स्पष्टीकरण दिले: मुलाला ओळखीचे नाव बरे, त्यातून संघमित्रामध्ये जोडाक्षर आहे, पहिलीच्या पहिल्या दिवशी जोडाक्षर जड जाते, दिवाळीनंतर पूर्ण नाव येणारच आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. उत्तर त्यांनी घरच्या बोलीत दिले.

"बाई, मना आजाले या गावनी कधी पुरं नाव लिसन हाक मारी नही. मरस तोवर अर्धं नाव. मनी आंडेरनं नाव पुरं लिखा. चिमी घरमा ऱ्हावू द्या."

आजोबांना गावाने मरेपर्यंत अर्ध्या नावाने हाका मारल्या, आता मुलीच्या नावाचे तरी तुकडे नकोत, हे त्यांचे म्हणणे. आवाज चढलेला नव्हता, असे अक्का सांगायची. तिने वाद घातला नाही. रॉकेलचा बोळा घेतला, चिमी पुसले, संघमित्रा लिहिले. जागा अरुंद पडली म्हणून अक्षरे बारीक काढावी लागली. लिहून होईपर्यंत सिद्धार्थ मागे उभे होते, मग त्यांनी तिला नमस्कार केला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मुलीला त्यांनी स्वतः आणून भिंतीपाशी बसवले आणि तिचे बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवले. मुलीला स्वतःचे नाव ओळखायला वर्गात सगळ्यांत जास्त वेळ लागला. अक्का हेही सांगायची.

पुढच्या मे महिन्यापासून तिचा प्रश्न बदलला. घरात काय हाक मारता, हे तिने विचारणे सोडले. "भिंतीवर काय लिहू?" असे विचारू लागली, आणि घरातली कर्ती माणसे सापडेपर्यंत त्याच घरी पुन्हा पुन्हा जाऊ लागली. यात वेळ फार जायचा. एका घरी आजोळच्यांनी ठेवलेले नाव की वडिलांकडचे, यावर नवराबायकोत असे जुंपले की अक्का तीन वेळा चहा घेऊन तशीच परत आली. एका आजीने नातवाचे नाव रावसाहेब लिहायला लावले. कागदावर ते नव्हते, घरातही कोणी म्हणत नव्हते, तिची इच्छा होती म्हणून. ते लिहिले गेले, आणि तो मुलगा चौथीपर्यंत रावसाहेबच राहिला. पुष्कळांना घरचेच नाव हवे असे. सिद्धार्थ यांच्या गल्लीतून बहुतेक पूर्ण नावे येत. परिणामी भिंत एकसारखी राहिली नाही. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा त्यांनी विचारले, की हे निम्मे इकडचे निम्मे तिकडचे काय आहे, एक काहीतरी नियम ठेवा. अक्का म्हणाली, नियम आहे साहेब, घरी जाऊन विचारते. शेरेबुकात त्यांनी "वर्गसजावटीत एकसूत्रता नाही" असे लिहिले. मला हे सांगताना ती हसली होती. म्हणाली, "अरे, बरोबरच लिहिलं त्यांनी. नाहीच आहे."

आमची शेवटची भेट ती जाण्याच्या आधीच्या रविवारी, त्याच वर्गात झाली. मी सकाळी चाळीसगावहून एका लग्नाहून परतत होतो, वाट वाकडी करून शाळेत गेलो. भिंत काळी करून झाली होती, रेघा मारून झाल्या होत्या. आणखी एक वर्ष, मग निवृत्ती, तेव्हा पुढच्या मे महिन्यात तुला सुतळी धरायची शिक्षा नाही, असे ती मला म्हणाली. नावे जवळजवळ सगळी लिहिली होती. एक भाग कोरा होता. त्या मुलीचे आईवडील गुजरातेत वीटभट्टीवर गेले होते, मुलगी आणि तिची आजीही त्यांच्याबरोबर, घराला कुलूप. कागदावरचे नाव अक्काकडे अंगणवाडीतून आलेले होते. घरातले नाव शेजाऱ्यांनी आपण होऊन सांगितले होते. मी म्हणालो, दोन्हींतले एक लिहून टाक, आल्यावर हवे तर बदलता येईल. ती ब्रश धुवत होती.

"म्हणजे आल्या आल्या त्यांना ‘पुसा’ म्हणायला लावायचं का?" ती म्हणाली. "एकदा लावलंय मी."

मग तिने ब्रश फडक्यात गुंडाळला. आम्ही दार लावून घेतले, भास्कररावांची वाट पाहत पडवीत बसलो, इकडचे तिकडचे बोललो... त्यातले आता फारसे आठवत नाही. मंगळवारी पहाटे ती गेली.

पहिलीचा वर्ग योगेश नावाच्या तरुण शिक्षकांकडे देण्यात आला. अंत्ययात्रेत सिद्धार्थ होते. त्यांची आणि माझी ओळख तिथे झाली. त्यांनी सांगितले की संघमित्रा आता धुळ्याच्या कॉलेजात आहे आणि तिला कळवले आहे. योगेश सरांचा मला शाळा उघडायच्या सुमारास फोन आला. मोकळ्या जागेत काय लिहायचे, बाईंनी काही सांगून ठेवले होते का, असे त्यांनी विचारले. बाई काय म्हणाल्या होत्या तेवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी जागा तशीच ठेवली.

ते कुटुंब शाळा सुरू झाल्यानंतर गावात परतले. योगेश सर त्यांच्या घरी गेले आणि भिंतीवर काय लिहू, असे विचारले. वडील म्हणाले, तुम्हाला बरे दिसेल ते लिहा. सरांनी तसे चालत नसल्याचे सांगितले. तेव्हा आजी म्हणाली, "मंग तिलेच इचारा ना, सर. नाव तिनं शे." मुलगी दाराच्या कडीशी खेळत होती. ती कडी वाजवत राहिली.

ती रोज शाळेत येते. आपल्या जागेवर बसते, खडूने रेघा ओढते. तिला काय हवे ते योगेश सरांनी वर्गात दोनदा विचारून पाहिले. गेल्या रविवारी मी फोन केला, तोपर्यंत तिने सांगितलेले नव्हते. भिंतीवर तिच्या भागात वर नाव नाही.