प्रमेयांचे कागद

सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला की धुळ्याची आमची खोली आठवते. मॅट्रिकला आठ दिवस होते. माझा सोबती भूमितीची प्रमेयं न बघता पुन्हा पुन्हा लिहून पाठ करी. "बठ्ठं पाठ व्हई गयं," म्हणत त्यानं ते कागद कोपऱ्यात टाकले. लढाईमुळे कोरा कागद मिळेना, म्हणून मी त्यांच्याच पाठीवर सरकारविरोधी पत्रकं छापून वाटली. तिसऱ्या दिवशी पत्रक हातात घेऊन फौजदार दारात. "हे अक्षर कोणाचं?" सोबती म्हणाला, "भूमिती माझी, साहेब. मागचं माहीत नाही." "मग आता तुरुंगाच्या भिंती मोज! आणि हा कोण?" माझ्याकडे बघून सोबती म्हणाला, "त्याला काही ठाऊक नाही." सोबत्याला बेड्या घालून नेलं, त्याची परीक्षा बुडाली. पत्रकात सरकारला भेकड म्हणणारा मी मान खाली घालून वाचत राहिलो आणि पासही झालो.