बिनशिवणीचा हातमोजा

कातडीचा जितका अपमान या जगात होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही, आणि त्या प्रत्येक अपमानाचा जाब विचारायची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे असं मानणारा माणूस डोंबिवली पूर्वेला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. ते माझे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. लोक हृदयावर गाणी लिहितात, मेंदूचं कौतुक करतात, पोटाचे तर लाडच चालतात. पण या सगळ्यांना जी आपल्यात भरून सांभाळते तिला कुणी विचारत नाही, हे साडूंचं जुनं दुखणं आहे. त्यांची माझी पहिली भेट माझ्याच साखरपुड्यात झाली. हस्तांदोलनाला घेतलेला हात त्यांनी सोडलाच नाही. मनगटावरची कातडी चिमटीत धरली, सोडली, ती किती वेळात जागेवर बसते ते पाहिलं, मग बाही वर सारून कोपर तपासलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "माल चांगला आहे, कोपरं तेवढी कोरडी आहेत. खोबरेल लावायला सांगा." आता लग्न मोडतंय की काय अशी मला धास्ती वाटली, पण त्या घराला त्यांची सवय होती.

त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. वागळे इस्टेटमधल्या रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. मोज्यात हवा भरायची, तो गालाजवळ धरायचा आणि कुठून झुळूक लागते का ते पाहायचं. टाचणीच्या टोकाएवढं भोक सापडलं की मोजा बाद. इतकी वर्षं हेच केल्यावर एखाद्या दिवशी माणसाची नजर मोज्याच्या आतल्या हाताकडे जाते, तशी त्यांची गेली. आधी ते थक्क झाले आणि नंतर जे चिडले ते कायमचे. "अहो, आम्ही एवढी यंत्रं लावून जे करायचो ते एका भोकापायी कचऱ्यात," ते म्हणायचे. "आणि हा हातमोजा बघा, ही कातडी. कुठे शिवण नाही. बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, पण उकडलं की आतला घाम बरोबर बाहेर सोडते. गरम कळतं, गार कळतं, मुंगी चाललेली कळते. फाटली तर आपली आपण भरून निघते. आणि तुम्ही हिला घासता दगडानं."

दगडानं घासणारे, कढत पाण्यानं आंघोळ करणारे, तोंडाला साबणामागून साबण चोळणारे हे सगळे त्यांच्या लेखी गुन्हेगार. माझ्या भाच्यानं दंडावर वाघ गोंदवून घेतला तेव्हा साडू त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत, पण जखम भरली का ते रोज त्याच्या आईला फोन करून विचारत होते. कल्याणच्या एका लग्नात कुणी बाई नवरीबद्दल म्हणाल्या, मुलगी गुणाची आहे, रंगानं मात्र जरा डावी. साडू हातातली जिलबी न खाता तसेच उठले. ऊन अंगावर येतं तेव्हा कातडीला रंग देणारं मेलॅनिन पुढे होऊन मार खातं, ते जास्त असणं म्हणजे दारावर पहारा जास्त असणं, आणि तुम्ही पहारेकऱ्यालाच नावं ठेवता, असं त्यांनी भर पंगतीत ऐकवलं. बाई गोंधळून म्हणाल्या, "तुम्ही मुलीकडचे का?" साडू म्हणाले, "मी कातडीकडचा."

आमच्याकडे आले की कपाटावरून बोट फिरवायचे आणि धूळ माझ्या नाकाशी धरून सांगायचे, "ही तुम्हीच आहात." कातडीचा वरचा थर रोज झडून त्याची धूळ होते, खालून नवा वर येतो, महिना-सव्वा महिन्यात माणूस बाहेरून अख्खा नवा. हे त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा आमच्या नात्यात कुणी नाही. ताई मात्र त्यांच्या वरताण होत्या. त्या शांतपणे म्हणायच्या, "नवे झाला असाल तर छान झालं. जुन्यानं माळ्यावरचे डबे काढून देतो म्हटलं होतं, तेवढे काढा." साडू निमूट स्टुलावर चढायचे.

चार वर्षांपूर्वी ताईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी साडूंना बजावलं की एकाच कुशीवर पडून राहिलं की दबलेल्या जागी रक्त पोचत नाही, कातडी लाल होते, मग फाटते, आणि ती फाटली की माणूस त्यातून सहसा उठत नाही. साडू म्हणाले, "फाटायची नाही." त्यानंतर दर दोन तासांनी ताईंची कूस बदलायची, पाठ, ढोपरं, टाचा बोटांनी चाचपून पाहायच्या, पुसायचं, कोरडं करायचं, चादरी धुवायच्या. जुन्या कारखान्यातल्या मित्रांनी मोज्यांचं खोकं पाठवलं होतं. ते त्यांनी फोडलंही नाही. जन्मभर मोजे तपासलेला माणूस मोजा घालत नाही म्हणून मी थट्टा केली, तर माझ्यावरच उसळले. "मोज्यातून ऊब कळते का? लाली डोळ्याला दिसायच्या आधी ती जागा गरम लागते. ते उघड्या बोटालाच कळतं." त्या उघड्या बोटांनी चार वर्षं धुण्याचा सोडा, साबण आणि जंतुनाशक सोसलं. ऑक्टोबरात ताई गेल्या. त्यांना शेवटची आंघोळ घालून बायको बाहेर आली आणि रडत म्हणाली, "भाऊजी, ताईच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही हो." साडूंनी मान हलवली आणि एवढंच म्हणाले, "पास."

तेराव्यानंतर आठवड्यानं मी त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी मानपाड्याच्या केंद्रावर घेऊन गेलो. पेन्शनीसाठी दरवर्षी यंत्रावर अंगठा टेकवून आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं. यंत्रानं त्यांचा अंगठा नाकारला. मग दुसरा, मग एकेक करत दहाही बोटं. तिथली मुलगी स्वभावानं चांगली होती. तिनं विचारलं, "काका, ठसे पार घासले गेलेत. तुम्ही काम काय करायचे?" मला इतका संताप आला की ते यंत्र उचलून रस्त्यावर फेकावं असं वाटलं. चार वर्षांत ज्यांची एकदाही चूक झाली नाही ती बोटं हा डबा बाद ठरवत होता. मुलगी म्हणाली, "चेहऱ्यावरनं पण होतं काका. मोबाईलसमोर फक्त पापणी मिटा, झालं." साडू ताडकन उठले. "काम केलं बोटांनी आणि साक्ष चेहऱ्याची? बाद झालेला माल दुसऱ्या चाचणीत घालून पास करणं मी एकतीस वर्षं होऊ दिलं नाही. पास व्हायचं तर हीच बोटं होतील." त्यांचा जुना दाखला जानेवारीपर्यंत चालणार होता. महिनाभर तेल लावा, साबणात हात घालू नका, ठसे येतील, असं तिनं सांगितलं. "ते तू मला सांगतेस?" असं म्हणून साडू बाहेर पडले.

मग रोज संध्याकाळी माझी बायको त्यांच्या बोटांना खोबरेल चोळायला जायची. पहिल्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी स्वतःच पुढे केला.

सव्वा महिन्यानं आम्ही पुन्हा गेलो. पहिल्याच अंगठ्याला हिरवा दिवा लागला. ती मुलगी खूश झाली, मीही त्यांच्या पाठीवर थाप मारली. आता यंत्राचा चांगला उद्धार होणार म्हणून मी वाट पाहत होतो, पण साडू दाखल्याची घडी खिशात घालून सरळ रिक्षाकडे निघाले. रिक्षात बसल्यावर त्यांनी अंगठा उजेडात धरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हा नवा माल आहे," ते म्हणाले. "ह्यानं तिला हात लावलेला नाही. लावला होता तो झडून गेला."

इतकी वर्षं गावभर ते हेच सांगत फिरले होते. मग त्यांनी विचारलं, "परवा तुमची मंडळी तिची खोली आवरायला आली होती. कपाटावरची धूळ पुसली का हो तिनं?"

"नाही पुसली," मी म्हणालो. ते खरं होतं, बायको पुढच्या रविवारी पुसणार होती.

"मग राहू दे," साडू म्हणाले. त्यांनी अंगठा मुठीत मिटून घेतला आणि घर येईपर्यंत तो तसाच ठेवला.